विल्यम केरी : मिशनरी म्हणून मोठाच, पण नवरा म्हणून?

शाईचा_डाग

आधीच सांगून टाकते, यात जे श्रीरामपूर येईल ते आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे. हे बंगालमधलं, हुगळीच्या काठचं, त्या काळी डेन्मार्कच्या ताब्यात असलेलं. इंग्रज त्याला सेरामपूर म्हणायचे.

परवा ९ जून, विल्यम केरीची पुण्यतिथी. १८३४ साली तो तिथेच गेला, वय बहात्तर. मी धार्मिक वगैरे बाई नाही, ख्रिश्चन तर नाहीच, पण जुनी मराठी व्याकरणं धुंडाळणं हा माझा रिकामपणचा उद्योग आहे आणि त्यात हा माणूस दर दोन दिवसांनी आडवा येतो. १८०५ साली श्रीरामपूरला छापलेलं मराठीचं व्याकरण, त्याला मागे रोजच्या विषयांवरचे संवाद जोडलेले. मग १८१० चा मराठी कोश, तोही मोडीत. दोन्हींवर नाव केरी. म्हटलं हा कोण बाबा, जो बंगालात बसून आपल्या विभक्त्या मोजतोय?

तर हा इंग्लंडमधल्या नॉर्थम्प्टनशायरचा, पॉलर्सपरी नावाच्या खेड्यातला, जन्म १७ ऑगस्ट १७६१. बाप आधी विणकर, मग शाळामास्तर. पोरगं बूट शिवायला शिकलं. एकीकडे बूट शिवत शिवत लॅटिन, ग्रीक, हिब्रू. पुढे एका मेजवानीत कुणीतरी खवचटपणे विचारलं म्हणे, की केरी पूर्वी बूट बनवायचा ना? तर याचं उत्तर, बनवणारा नाही हो, नुसता दुरुस्त करणारा.

इथपर्यंत सगळं छान. चरित्रं वाचायला घेतली की तो एकदम प्रेरणादायी वगैरे होतो, आणि मला मात्र वाचताना सारखी त्याची बायको दिसायला लागली. डोरोथी. १० जून १७८१ ला लग्न झालं तेव्हा तो वीस वर्षांचाही नव्हता, ती पंचविशीची. लग्नाच्या नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली मारलीय, कारण लिहिता येत नव्हतं. जो माणूस पुढे डझनावारी भाषा शिकला त्याच्या बायकोची ती फुली. मी त्या फुलीशी अडले ती अडलेच.

पहिली मुलगी दोन वर्षांची होऊन तापाने गेली. त्याच तापात याचेही केस गेले आणि तो टोप घालायला लागला. १७९२ मध्ये याने आणि मित्रांनी केटरिंगला बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी काढली, पहिली वर्गणी जमली १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. पुढच्याच वर्षी हा निघाला हिंदुस्थानात. बायको म्हणाली मी येणार नाही. पोटात चौथं मूल (हयात असलेल्यांपैकी चौथं), आयुष्यात आपल्या जिल्ह्याबाहेर फारशी न गेलेली बाई, ती दुसरं काय म्हणणार? मग याने मोठ्या मुलाला, फेलिक्सला, बरोबर घेतलं आणि तिला सोडून निघाला. हो, निघालाच! कंपनीचा परवाना नव्हता म्हणून जहाजावरून उतरवलं नसतं तर गोष्ट तिथेच संपली असती.

उतरवल्यावर हा आणि जॉन थॉमस (याच्याबरोबर निघालेला मिशनचा डॉक्टर) परत तिच्याकडे गेले. ती पुन्हा नाहीच म्हणाली. मग थॉमस एकटा आत गेला आणि तिला म्हणाला की आता नाही आलीस तर घर कायमचं तुटेल आणि जन्मभर पस्तावशील. तेव्हा ती कबूल झाली, बहीण किटी सोबत येणार असेल तर. १३ जून १७९३ ला डोव्हरहून डॅनिश जहाज सुटलं तेव्हा मांडीवरचा जाबेझ दीड महिन्याचाही नव्हता. पाच महिने समुद्रात. ११ नोव्हेंबरला कलकत्ता.

त्यानंतरचं मी थोडक्यात लिहिते कारण लिहिताना त्रास होतो. कलकत्त्यात पैसे संपले, मग सुंदरबनच्या कडेला झोपडी, मग मालद्याजवळ मदनाबाटीला निळीच्या कारखान्यावर नोकरी. तिथे १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. डोरोथी त्यातून परत आलीच नाही. तिला ठाम वाटायला लागलं की नवरा बाहेरख्याली आहे, ती त्याच्या मागे मागे फिरायची, भर रस्त्यात आरडाओरडा, एकदा-दोनदा जिवावरही उठली. ८ डिसेंबर १८०७ ला ती गेली. म्हणजे बारा-तेरा वर्षं हे चाललं.

आणि याच बारा-तेरा वर्षांत बंगाली नवा करार, मराठी व्याकरण, संस्कृत व्याकरण, रामायणाचं भाषांतर, सगळं!

प्रश्न साधा आहे. श्रद्धांजलीच्या लेखांत याला निष्ठावान मिशनरी आणि प्रेमळ पती असं एका दमात म्हणतात. तुम्हाला काय वाटतं? (धर्मांतराचा वाद इथे नको, त्यासाठी दुसरे शंभर धागे आहेत.)

तळटीप

चांगला धागा. दोन दुरुस्त्या, सवय जात नाही.

केरीचं हे मराठीचं पहिलंच व्याकरण असं बरेच जण लिहितात, तुम्ही लिहिलं नाहीत याबद्दल आभार. १७७८ साली रोममध्ये पोर्तुगीजमधून एक मराठी व्याकरण छापलं गेलंय. त्याच्याही आधी थॉमस स्टीफन्सचं १६४० चं आहे, पण ते कोकणीचं. केरीचं पहिलेपण इंग्रजीतून मराठी शिकवण्यापुरतं.

दुसरं, केरी एकटा हे करत नव्हता. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात (केरी तिथे शिकवायचा) वैजनाथ शर्मा म्हणून मराठीचे पंडित होते, त्यांना बाजूला ठेवून हे व्याकरण उभं राहत नाही. पुढे सिंहासन बत्तिशी १८१४ ला श्रीरामपूरला मराठीत छापली तीही त्यांचीच. आणि अक्षरं कापली पंचानन कर्मकार आणि नंतर त्याचा जावई मनोहर यांनी. मुखपृष्ठावर केरी, हातांना काळं पंचाननच्या.

शाईचा_डाग

@तळटीप, मान्य, शंभर टक्के. म्हणजे बायको एकटीच नाही विसरली गेली म्हणायची, रांगच आहे.

खवचट_काका

नवरा म्हणून नापास. पुढे?

बाई नको नको म्हणतेय, मांडीवर सव्वा महिन्याचं पोर आहे आणि हा हिंदुस्थानातल्या लोकांच्या आत्म्याची काळजी करतोय. घरातल्या आत्म्याचं काय ते बघा की आधी. आमच्याकडेही असे समाजसेवक पैशाला पासरी, गावाचं भलं करतात आणि घरी रॉकेल आणायला बायको रांगेत.

नगरी_पाळकपुत्र

वडील पाळक होते त्यामुळे केरीचं नाव लहानपणापासून ऐकत आलोय, रविवारच्या शाळेत चित्र लावलेलं असायचं, टेबलावर पुस्तकं, बाजूला पंडित. डोरोथीबद्दल मात्र कुणी कधी एक शब्द बोललं नाही. मला ती माहीत झाली चाळिशीत.

आधी एक खुलासा, कारण आमच्या ओळखीचे लोकही गोंधळ करतात. आमच्याकडचं अमेरिकन मराठी मिशन बाप्टिस्ट नव्हतं. बाप्टिस्ट म्हणजे जे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा मानत नाहीत. माणसाने जाणत्या वयात स्वतः विश्वास ठेवायचा आणि मग पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा घ्यायचा. केरीचा स्वतःचा असाच झाला, १७८३ च्या ऑक्टोबरात नेन नदीत, म्हणजे थंडीने दात वाजत असणार. त्यांच्या दृष्टीने विश्वास ही कुणी दुसऱ्याने तुमच्या वतीने करायची गोष्टच नाही.

म्हणूनच मला डोरोथीचं जास्त टोचतं. तिच्या वतीने मात्र सगळं दुसऱ्यांनीच ठरवलं.

काकांना मात्र सांगावंसं वाटतं की इतकं सोपं नाही ते. तिची अवस्था बघून लोक सांगत होते हिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवा. त्या काळची असली इस्पितळं म्हणजे काय असायची विचारूच नका. केरीने तिला पाठवलं नाही. घरातच ठेवलं, शेवटपर्यंत. त्याच्या अभ्यासाच्या खोलीला लागूनच तिची खोली होती, मधे जेमतेम आडोसा. तिकडून ओरडणं आणि इकडे हा पंडितांबरोबर भाषांतराचं वाक्य जुळवतोय.

खवचट_काका

खोलीत कोंडून ठेवणे म्हणजे ठेवून घेणे का?

नगरी_पाळकपुत्र

काका, १८०० साली दुसरा पर्याय सांगा. औषध नाही, डॉक्टर म्हणाल तर रक्त काढणारे. जो एक डॉक्टर मिशनमध्ये होता तो थॉमस, आणि त्याचं पुढे काय झालं ते ऐका.

२८ डिसेंबर १८००. सात वर्षांत पहिला हिंदू माणूस बाप्तिस्म्याला तयार झाला, कृष्ण पाल नावाचा सुतार. त्याचा खांदा निखळला होता तो थॉमसनेच बसवला होता, तिथून ओळख. आनंदाने थॉमसचंच डोकं फिरलं. अक्षरशः. म्हणजे त्या दिवशी हुगळीच्या घाटावर केरी आधी स्वतःच्या मुलाला, फेलिक्सला, आणि मग कृष्ण पालला पाण्यात उतरवतोय, काठावर डॅनिश गव्हर्नर आणि गावचे लोक उभे, बंगालीतून गीत चाललंय, आणि मिशनच्या आवारात एका खोलीत थॉमस बेभान ओरडतोय, दुसऱ्या खोलीत डोरोथी.

मला हा प्रसंग कुणी रविवारच्या शाळेत सांगितला नाही. आता मी स्वतः कुणाला शिकवायला उभा राहिलो तर हाच सांगेन.

शाईचा_डाग

बाप रे. हे मी वाचलं होतं पण दोन खोल्या एकदम डोळ्यासमोर आल्या नव्हत्या.

मधली_वहिनी

एरवी मी वाचनमात्र असते. आज लिहिते.

माझ्या वडिलांना साठीनंतर संशयाचा आजार जडला. आई अन्नात काहीतरी घालते असं त्यांना वाटायचं. मग आई डब्याचं झाकण त्यांच्यासमोर उघडायची, पहिला घास स्वतः खायची, पाणी प्यायची, दोन मिनिटं नुसती बसायची, मग ते जेवायचे. दोन वेळा, अकरा वर्षं. त्यातही मधेच ताट भिरकावणं, शेजाऱ्यांना ओरडून सांगणं की ही मला मारणारे. आणि आई त्या काळात स्वेटर विणायची. घरात माणसं चार आणि स्वेटर पंचवीस असतील, नात्यातलं एकही पोर सुटलं नाही. आम्ही तिच्यावर चिडायचो, की घरात काय चाललंय आणि तू लोकर कसली मोजतेस. आता कळतं की टाके मोजणं हीच एक गोष्ट होती जी तिच्या म्हणण्याप्रमाणे व्हायची.

केरी पलीकडच्या खोलीत बसून क्रियापदं चालवत होता, हे वाचून तुमच्यापैकी काहींना तो दगड वाटतोय. मला नाही वाटत. पण आईने वडिलांना समुद्रापार ओढून नेऊन आजारी पाडलं नव्हतं, हाही फरक आहेच. तो कसा मोजायचा मला कळत नाही.

तळटीप

@मधली_वहिनी, प्रतिसाद मनाला भिडला. आईंना नमस्कार सांगा.

तुमच्या लोकरीवरून आठवलं. जून १८०६ चं केरीचं एक पत्र आहे, त्यात त्याने एका दिवसाचा हिशेब दिलाय. पावणेसहाला उठणे, हिब्रू बायबलचा एक अध्याय, मग नोकरांबरोबर बंगालीत प्रार्थना, चहा होईपर्यंत मुन्शीबरोबर फारसी, मग पंडिताबरोबर रामायणाचं भाषांतर, मग कॉलेज, परत आल्यावर प्रुफं, संध्याकाळी आणखी एक पंडित, आणखी एक भाषा, रात्री अकराला ग्रीकमधला अध्याय वाचून झोप. हे सगळं डोरोथी हयात असताना. तुमच्या दृष्टीने वाचलं तर टाक्यांची मोजणीच आहे ती.

जहाजावरचा_पक्षी

रोमात होतो, म्हणजे नुसता वाचत होतो. एक मुद्दा राहतोय, मुलं. नवरा नवरा काय चाललंय, बाप म्हणूनही बघा ना.

आई अशी आणि बाप पहाटेपासून रात्रीपर्यंत कामात, त्यामुळे केरीची पोरं उनाड झाली होती. त्यांना वळण लावलं ते हॅना मार्शमनने (सहकारी जोशुआ मार्शमनची बायको, शाळा चालवायची, हिच्यावर वेगळा धागा हवा) आणि छापखाना सांभाळणाऱ्या विल्यम वॉर्डने. हॅनाने लिहून ठेवलंय की या भल्या माणसाला दिसत होतं, वाईटही वाटत होतं, पण कडक व्हायला याचा स्वभावच फार मऊ. म्हणजे दुष्ट नाही, मऊ. घरासाठी मऊ आणि कामासाठी लोखंड.

फेलिक्स पुढे ब्रह्मदेशात मिशनरी म्हणून गेला, १८१४ मध्ये नदीत बोट उलटून त्याची बायकापोरं बुडाली, मग तो तिथल्या राजाचा वकील, म्हणजे राजदूत, झाला. यावर केरीची प्रतिक्रिया काय, तर फेलिक्स मिशनरीचा आक्रसून वकील झाला. लोल. बाकी बापांना मुलगा राजदूत झाला तर पेढे वाटावेसे वाटतील.

देशभक्त_१००टक्के

शेवटी धर्मांतरच करायला आला होता ना? मग त्याचं एवढं कौतुक कशाला? व्याकरण पण त्यासाठीच लिहिलं.

शाईचा_डाग

पहिल्या पोस्टमध्ये कंसात विनंती केली होती. पण विचारलंत तर, हो, त्यासाठीच आला होता, त्याने कधी लपवलं नाही. आणि कौतुक कुठे चाललंय, आम्ही गेले दोन दिवस त्याला उभा-आडवा घेतोय.

आणि तुम्ही म्हणता तसं असलं तरी एक गोष्ट सांगते. १७९९ मध्ये याने नदीकाठी सती जाताना बघितलं, थांबवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग तीस वर्षं त्यामागे लागला. डिसेंबर १८२९ मध्ये बेंटिंकने बंदीचा कायदा केला तेव्हा तो बंगालीत करण्यासाठी कागद याच्याकडे आला, रविवारी. रविवारी हा प्रवचन सोडून दुसरं काम करणारा माणूस नव्हता. त्या दिवशी प्रवचन दुसऱ्यावर सोपवलं आणि पंडिताला घेऊन बसला, संध्याकाळपर्यंत भाषांतर तयार. उशीर झाला तर तेवढ्यात आणखी कुणी जळेल म्हणून.

आता माझी गोची बघा. परक्या बायांसाठी रविवार मोडणारा हा, आणि स्वतःची बायको नाही म्हणत असताना निघून जाणाराही हाच.

खवचट_काका

तोच तर मी पहिल्यापासून सांगतोय, रॉकेलची रांग.

रानवाट

मी झाडांतला माणूस, मला केरी भलत्याच वाटेने भेटला. आपल्याकडे सह्याद्रीत कुंभा असतो ना, उन्हाळ्यात ज्याची पुंकेसरांच्या झुपक्याची मोठी फुलं रात्री उमलून सकाळी खाली सडा पडलेला असतो, ज्याचा वाकुंभा बाळंतिणीच्या औषधात वापरतात, त्याचं शास्त्रीय नाव केरिया आर्बोरिया. ते केरी म्हणजे हेच केरी. कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनचे रॉक्सबर्ग यांचे दोस्त, त्यांनी नाव दिलं. रॉक्सबर्ग गेल्यावर त्यांचं वनस्पतींवरचं मोठं हस्तलिखित यानेच संपादून छापलं. १८२० मध्ये शेती आणि बागकामाची सोसायटीही काढली, अजून आहे कलकत्त्यात.

श्रीरामपूरला याची पाचेक एकरांची बाग होती. माळ्यांना झाडांची लॅटिन नावं पाठ करून घ्यायचा. १८२३ च्या पुरात घर आणि बाग दोन्ही गेली, परत उभी केली. मरायला टेकल्यावर चिंता कसली, तर मी गेलो की मार्शमन या बागेत गाई सोडेल!

बायकोचं मला काही सांगता येणार नाही, पण गाईंची चिंता करणारा माणूस मला आवडला.

अर्धाकप_चहा

धागा भन्नाट चाललाय. पण एक विचारू का, सगळे डोरोथीवरच थांबलेत. याची आणखी लग्नं झाली होती ना? मला आठवतंय तसं तीन.

शाईचा_डाग

हो, मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण तिथे माझा निकाल डळमळतो.

डोरोथी गेली डिसेंबर १८०७ मध्ये. मे १८०८ मध्ये याने दुसरं लग्न केलं, शार्लोट रूमोर हिच्याशी. सहा महिनेही झाले नव्हते आणि सहकाऱ्यांनी नाकं मुरडली. ही श्लेस्विगकडची, उमराव घराण्यातली, याच्याच वयाची, लहानपणापासून आजारी, पायांनी अधू, जिना चढणं जमायचं नाही. हवापालट म्हणून श्रीरामपूरला येऊन राहिली होती, नदीकाठी घर होतं. डोरोथीच्या हयातीतच केरीने तिला बाप्तिस्मा दिला होता, १८०३ मध्ये. (मला माहितीये तुमच्यातले काही आता भुवया उडवणार. संशय घेण्यासारखं काही कुठे सापडत नाही. पण बिचाऱ्या डोरोथीचा भास काय होता ते आठवून मला कसंतरी झालं एवढं खरं.)

आणि हे लग्न म्हणजे दुसराच केरी. ती बंगाली शिकली, मुलींच्या शाळांत लक्ष घातलं, तिने आपलं घर मिशनला दिलं. हा आठवड्यातले बरेच दिवस कॉलेजसाठी कलकत्त्याला असायचा, तेव्हा दोघांची पत्रं चालायची. तब्येतीसाठी ती कुठे लांब गेली तर तिची पत्रं सरळ प्रेमपत्रं आहेत, पन्नाशीच्या बाईची. ११ मार्च १८१२ च्या रात्री छापखाना जळाला, वर्षांचं काम, हस्तलिखितं, कागद, टाइप राख झाले, तेव्हाही हा काही दिवसांत परत कामाला बसला, आणि मला वाटतं घरी कुणीतरी होतं म्हणून बसू शकला. १८२१ मध्ये ती गेली तेव्हा याने लिहिलं की संसाराचं जेवढं सुख माणसाला मिळू शकतं तेवढं आम्हाला मिळालं.

तिसरी ग्रेस ह्यूज, विधवा, बरीच लहान, म्हातारपणी हिने याचं सगळं केलं. हुगळीत बोटीवरून उतरताना पडून याचा खुबा दुखावला, बरेच दिवस कुबड्या, त्या काळात हीच.

म्हणजे तेरा वर्षं चांगला नवरा होता की तो! जमत नव्हतं असं नाही. मग डोरोथीच्या वेळी काय झालं?

मधली_वहिनी

शार्लोटला त्याचं काम वाचता येत होतं. डोरोथीला ते ऐकू येत होतं, पलीकडच्या खोलीतून, कळत नसलेल्या भाषांत.

नगरी_पाळकपुत्र

वहिनी, तुमच्या वाक्यावर मी पाच मिनिटं थांबलो.

फक्त एक भर घालतो. डोरोथीसोबत आलेली किटी, जिच्या भरवशावर ती जहाजात बसली, ती सुंदरबनाकडेच एका इंग्रजाशी लग्न करून मागे राहिली. मदनाबाटीला पीटर गेला तेव्हा डोरोथीजवळ बहीण नव्हती. आणि केरी स्वतः तापाने पडलेला. पोराला पुरायला माणसं मिळेनात, खड्डा खणायला कुणी तयार होईना, जातीची भीती. हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. अशा आठवड्यात भल्याभल्यांचं डोकं फिरेल, ती तर आधीच अर्धी खचलेली.

अर्धाकप_चहा

मला वाटलं होतं दोन प्रतिसादांत संपेल. आता भाकरी करपली माझी.

तळटीप

पैशाचंही कुणीतरी लिहा. फोर्ट विल्यम कॉलेजात याला महिना ५०० रुपये सुरू झाले १८०१ मध्ये, पुढे प्राध्यापक झाल्यावर १०००. तेव्हाच्या मानाने प्रचंड. सगळे मिशनच्या सामाईक खात्यात. मार्शमनच्या शाळेची कमाई तिथेच, वॉर्डच्या छापखान्याची तिथेच, सगळी कुटुंबं एका पंगतीत जेवायची. १८१८ चं श्रीरामपूर कॉलेज त्यातूनच उभं राहिलं. मरताना याच्याजवळ पुस्तकं आणि दगड-शिंपल्यांचा संग्रह सोडून काही नव्हतं, संग्रह कॉलेजला दिला, पुस्तकं विकून घरच्यांचं भागवा म्हणाला.

आणि त्याच मृत्युपत्रात एक ओळ आहे. मला दफन करा ते माझ्या दुसऱ्या पत्नीच्या, शार्लोट एमिलियाच्या, शेजारी.

खवचट_काका

तीनातली एक निवडली म्हणजे. ग्रेसबाई हयात होत्या ना तेव्हा? त्यांच्यासमोरच?

तळटीप

हयात होत्या. वर्षभराने गेल्या.

पुढे ऐका, अजून आहे. वेगळा दगड नकोच म्हणाला. तिच्याच दगडावर माझं नाव, जन्म, मृत्यू आणि एका जुन्या भजनाच्या दोन ओळी कोरा, मी एक दीनवाणा असहाय किडा तुझ्या हातांवर येऊन पडतोय अशा अर्थाच्या. दगडावर वर किंवा खाली, जिथे जागा उरली असेल तिथे.

शाईचा_डाग

वर किंवा खाली, जागा असेल तिथे.

यावर काय लिहू कळत नाहीये. लग्नाच्या वहीतली फुली आणि हा दगड, दोन्ही एकाच माणसाच्या बायकांचे. मी शीर्षकातलं प्रश्नचिन्ह काढणार नाही, पण काकांसारखं नापासही लिहिवत नाही आता.

खवचट_काका

बरं, एटीकेटी द्या.

हुगळीकाठी

नोकरीमुळे तीन वर्षं कलकत्त्यात आहे, धागा आत्ताच वाचून काढला, एका बैठकीत. बराकपूरला माझं काम असतं आणि तिथून समोर नदीपलीकडे श्रीरामपूरच. होडीने पार व्हायला काही मिनिटं लागतात. इतक्या वेळा गेलोय, घाटाजवळच्या टपरीवर कचोरी खाऊन कॉलेजच्या खांबांखाली सावलीत बसलोय, पण आत कब्रस्तानात कधी गेलो नाही. आपल्या भाषेचा कोश करणारा माणूस तिथे आहे हे माहीत असायला हवं होतं, नव्हतं.

येत्या शनिवारी जातो. दगडावर त्याचं नाव वर आहे की खाली आहे, का शेवटी वेगळंच काही केलं लोकांनी, ते बघून इथेच लिहितो. डोरोथीचंही शोधतो.

शाईचा_डाग

नक्की लिहा. फोटो जमला तर टाका, आणि उतरताना जपून, बोट घाटाला नीट लागल्याशिवाय पाय टाकू नका.